लोड ‘नील’, तरी हिशोब चुकत होता : एचआयव्ही, मेंदू आणि एक प्रकरण

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या दुष्काळी पट्ट्यातलं, 2022 सालचं. नावं, वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्यांना ‘रक्तातला व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) दाबलेला आहे’ हे वाक्य ऐकलं की हायसं वाटतं, आणि नव्वद टक्के वेळा ते बरोबरच असतं. उरलेल्या वेळी काय होतं, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

पार्श्वभूमी

दिनकरराव, वय 47. गावातल्या दूध संकलन केंद्राची लिखापढी अनेक वर्षं त्यांच्याकडे. सकाळ-संध्याकाळ उत्पादक किटल्या घेऊन येणार, दूध मोजायचं, फॅट लावायची, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लिहायचं आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढायचं. आकड्यांत माणूस पक्का. केंद्रावर कॅल्क्युलेटर होता, पण तो बिलं तपासायला चेअरमनसाहेब वापरायचे. दिनकररावांना त्याची गरज पडत नसे.

2009 मध्ये त्यांना फुफ्फुसाचा टीबी झाला आणि त्याच तपासण्यांत एचआयव्ही निघाला. सीडी फोर पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) त्या वेळी 62. निरोगी माणसात त्या साधारण 500 ते 1500 असतात, म्हणजे आजार बराच पुढे गेल्यावर कळला होता. हा 62 चा आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. पत्नी शालनताई यांचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाली होती, त्यामुळे औषधांची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीच होती. टीबीचा कोर्स झाला, गोळ्या लागू पडल्या, वजन वाढलं, दिनकरराव पुन्हा केंद्रावर बसू लागले. घरात थोरल्या भावाला टीबी एवढंच माहीत होतं.

2012-13 च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत न्यावी लागली. दिनकरराव तिथेच मुक्कामाला. दर महिन्याला एसटीने एआरटी सेंटरला जायचं, तर जनावरांना पाणी कोण दाखवणार? गोळ्या चुकल्या, मग काही महिने बंदच पडल्या. 2014 मध्ये लोड वाढलेला आढळला, पहिल्या फळीची औषधं (झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन) निकामी झाल्याचं ठरलं आणि दुसऱ्या फळीवर टाकलं : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि रिटोनाव्हिरच्या जोडीने अटाझानाव्हिर.

अटाझानाव्हिरने अनेकांचे डोळे पिवळसर होतात. बिलिरुबिन वाढतं, यकृताला धोका नसतो. पण गावात ते कोणाला सांगणार? ‘कावीळ झालीय, औषध देणाऱ्याकडे चला’ म्हणून लोक मागे लागत. दिनकरराव हसून वेळ मारून नेत. तेवढं एक सोडलं तर पुढची सहा-सात वर्षं बिनतक्रार गेली. लोडचा प्रत्येक रिपोर्ट चांगला. सीडी फोर हळूहळू 400 च्या वर. सेंटरच्या वहीत हा रुग्ण ‘स्थिर’ या रकान्यात होता. कोविडच्या काळात दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या आणि त्या आणायला बहुतेक वेळा शालनताईच येत. प्रत्यक्ष दिनकररावांना कोणी फारसं पाहिलंच नाही.

अडचण

सुरुवात बिलांच्या तक्रारींनी झाली. एका उत्पादकाला शंभर-दीडशे रुपये कमी, दुसऱ्याला तेवढेच जास्त. ज्याला जास्त मिळाले तो अर्थातच बोलला नाही. मग केंद्रावर कुजबुज सुरू झाली की हा संध्याकाळी घेऊन येतो. दिनकररावांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. पण हात थरथरत होते, चालताना पाय फाकवून पडत होते आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या उशिरा येई की समोरचा दुसरंच बोलू लागलेला असे.

गावातल्या डॉक्टरांनी ताण आहे म्हणून झोपेची गोळी दिली. दोन महिन्यांनी थोरल्या भावाने शहरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. हाताला कंप आणि मंद चाल पाहून त्यांनी कंपवाताची शक्यता धरली आणि लेव्होडोपा सुरू करून पाहिलं. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं, कारण एचआयव्हीबद्दल त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं. तपासणीच्या खोलीत थोरला भाऊ शेजारी बसला होता, दिनकरराव गप्प राहिले, शालनताई बाहेर बाकावर. सहा आठवड्यांत काडीचा फरक पडला नाही.

गोळ्या न्यायला आलेल्या शालनताई समुपदेशक मॅडमशी बोलता बोलता म्हणाल्या, “मॅडम, हे आधी भांडायचे तरी. आता भांडतही नाहीत. नुसते बसून राहतात.” लोडचा ताजा रिपोर्ट समोर होता आणि तो चांगला होता, त्यामुळे इथेच विषय संपू शकला असता. मॅडमनी विचारलं, “ताई, केंद्रावरच्या जुन्या वह्या घरी आहेत का?”

पुढच्या खेपेला शालनताई दोन वह्या आणि दिनकरराव, दोघांनाही घेऊन आल्या. या वह्यांइतकी बोलकी तपासणी या प्रकरणात दुसरी नव्हती. मार्च 2021 ची पानं बघावीत अशी : आकडे एका ओळीत, दशांश चिन्ह ठळक, पानाच्या तळाशी लाल शाईत बेरीज. नोव्हेंबरपासून अक्षर ओळ सोडून खाली उतरू लागतं. जानेवारी 2022 मध्ये 4.2 च्या जागी 42, एसएनएफचा आकडा फॅटच्या रकान्यात, एकाच सभासदाचं नाव लागोपाठ दोनदा. फेब्रुवारीत बेरजेची जागा रिकामीच. ज्या माणसाने इतकी वर्षं एक दिवस बेरीज चुकवली नाही, तो ती करायचीच टाळत होता. ‘विसरतात’ म्हणून मोकळं होता येतं. कधीपासून आणि किती वेगाने, हे वहीतल्या तारखांनी सांगितलं.

त्याच दिवशी एचआयव्हीच्या रुग्णांसाठी वापरतात ती छोटी चाचणी घेतली. चार शब्द सांगायचे : कुत्रा, टोपी, शेंग, लाल. मग पाच सेकंदांत अंगठा आणि तर्जनी जितक्यांदा आपटता येतील तितक्यांदा आपटायची. मग मूठ, तळवा, हाताची कड असा क्रम दहा सेकंदांत जितक्यांदा जमेल तितक्यांदा. शेवटी ते चार शब्द आठवायचे. एकूण गुण 12, आणि 10 किंवा कमी आले तर पुढची तपासणी हवी. दिनकररावांची बोटं सात वेळा आपटली, क्रम दोनदा जमला, शब्द दोन आठवले. गुण 6.

रक्तात नाही, मग मेंदूत कुठून?

एचआयव्ही शरीरात शिरल्यावर काही दिवसांतच मेंदूपर्यंत पोहोचतो. एकटा जात नाही. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना मेंदूत ये-जा करायची मुभा असते, त्यांच्या पोटात बसून जातो. मेंदूत गेल्यावर तिथल्या मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या रखवालदार पेशींत बस्तान बसवतो. चेतापेशींना तो सहसा हात लावत नाही. नुकसान होतं ते चिथावलेल्या रखवालदारांमुळे. मायक्रोग्लिया सतत दाहकारक रसायनं सोडत राहतात, चेतापेशींमधले जोड झिजतात आणि माणूस मंदावतो. म्हणूनच या आजारात आधी वेग जातो. स्मृती पूर्ण पुसली जात नाही, पण आठवायला वेळ लागतो. हात चालतो, पण अडखळत.

विषाणूची जनुकं पेशीच्या गुणसूत्रात शिवली गेलेली असल्याने औषधं त्याला हुसकावू शकत नाहीत, नवी पिलावळ तेवढी थांबवतात. त्यासाठी औषध त्या जागी पोहोचावं लागतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा बऱ्याच रेणूंना अडवतो. झिडोव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन मेंदूत चांगली जातात. टेनोफोव्हिर आणि अटाझानाव्हिर त्या मानाने कमी. म्हणजे 2014 च्या बदलात रक्ताची बाजू सावरली आणि मेंदूची उघडी पडली, असं मागे वळून पाहताना दिसतं. औषध अपुरं पोहोचतं तिथे विषाणू थोडाथोडा वाढत राहतो आणि त्या वाढीत औषधाला न जुमानणारे बदल निवडले जातात. मेंदूभोवतीच्या पाण्यात विषाणू सापडतो, रक्तात नाही. या अवस्थेसाठी डॉक्टरांच्या बोलण्यात ‘सीएसएफ एस्केप’ हा शब्द आहे; सीएसएफ म्हणजे हेच पाणी. पुणे आणि अहमदाबाद इथल्या डॉक्टरांनी गेल्या दहाएक वर्षांत अशा रुग्णांच्या मालिका प्रसिद्ध केल्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे हे अगदी अनोळखी प्रकरण नाही. जिल्हा पातळीवर मात्र ते अजून कोणाच्या पटकन डोक्यात येत नाही.

प्रतिकारशक्तीची बाजूही यात गुंतलेली आहे. सीडी फोर 400 च्या वर गेल्या म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं होत नाही. संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी फोर पेशींचा मोठा संहार होतो, अस्तर झिरपू लागतं, आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात येत राहतात आणि प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षं कमी आचेवर पेटलेली राहते. गोळ्यांनी हा दाह कमी होतो, पण बऱ्याच जणांत पूर्ण विझत नाही. शिवाय सीडी फोर एकदा किती खाली गेल्या होत्या, याची किंमत मेंदू पुढेही चुकवत राहतो. 2009 मधला तो 62 चा आकडा इथे परत येतो. आज सीडी फोर उत्तम असलेल्या दोन रुग्णांत, पूर्वी ज्याच्या तळाला गेल्या होत्या त्याला बौद्धिक तक्रारींचा धोका जास्त.

कोणकोणते पर्याय होते

पहिला प्रश्न पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदूभोवतीचं तेच पाणी, सुईने काढायचं की नाही. न काढण्याच्या बाजूने बोलणारे होते. लोड दाबलेला आहे, बी-12 आणि थायरॉइड तपासा, नैराश्य असू शकतं, दोन-तीन महिने थांबून बघा. यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर समंजस आहे. रक्ततपासण्या केल्या, बी-12 आणि थायरॉइड ठीक आले. एमआरआयमध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या द्रव्यात पसरट डाग दिसले. गाठ नाही, मेंदूच्या तळाशी टीबीसारखी चमक नाही. कंपवातात किंवा नुसत्या नैराश्यात असं चित्र अपेक्षित नाही. इथून पुढे थांबण्याला आधार राहिला नाही.

दुसरा प्रश्न वैद्यकीय नव्हता, पण त्यात जास्त वेळ गेला. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि थोरल्या भावाचा तो पक्का होता. भावाला पटवायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर एचआयव्ही सांगावा लागणार. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. मग विचार करण्याची शक्ती मंदावलेल्या रुग्णाची संमती कितपत खरी? दिनकररावांशी एकट्याशी, सावकाश, दोन वेगवेगळ्या दिवशी बोलणं झालं. दोन्ही दिवशी त्यांनी तेच सांगितलं : तपासणी करा, दादाला सांगू नका. दोन्हीकडे उत्तर सारखं आलं आणि ‘का’ विचारल्यावर कारणही देता आलं (“पोरीचं लग्न व्हायचंय”), म्हणून ती संमती धरली. भावाला एवढंच सांगितलं की मेंदूभोवती सूज दिसते, ती कशाची हे पाण्यातून कळेल आणि सुई जिथे टोचतात तिथे मणक्यातली मुख्य दोरी संपलेली असते. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

दिनकररावांना स्वतःला मात्र पटत नव्हतं की रक्तात नसलेलं पाठीत कसं निघेल. मॅडम म्हणाल्या, “गाईच्या कॅनची फॅट म्हशीच्या कॅनला लावता का हो तुम्ही?” ते बऱ्याच वेळाने हसले आणि म्हणाले, “नाही. दोन्हीचे नमुने वेगळे.” मेंदूविज्ञानाची याहून नेमकी समजूत मी रुग्णाच्या तोंडून ऐकलेली नाही.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड होता. पाण्याचा पहिला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत आला : पेशी 38, जवळजवळ सगळ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्रथिनं 124, साखर 58, त्याच वेळची रक्तातली साखर 104. आपल्या देशात लिम्फोसाइट आणि वाढलेली प्रथिनं दिसली की हात आपोआप टीबीच्या औषधांकडे जातो, आणि ते गैर नाही. टीबी मेंदूज्वरात उशीर म्हणजे जीव गमावणं. एचआयव्ही आहे, आधी टीबी होऊन गेलेला आहे. वॉर्डातल्या ज्येष्ठ डॉक्टरांचं म्हणणं होतं, आजच एकेटी (टीबीची औषधं) चालू करा, बाकीचं नंतर बघू.

विरुद्ध बाजूला काय होतं? ताप एकदाही नव्हता. आजार आठवड्यांत न वाढता महिन्यांत वाढला होता. साखर रक्ताच्या निम्म्याहून जास्त होती, टीबीत ती बहुधा घसरते. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आली, पण या जागी निगेटिव्ह सीबीनॅटने टीबी बाद होत नाही, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नव्हती. आणि खरी मेख पुढे होती. टीबीवरचं रिफाम्पिसिन यकृतातली विकरं अशी चाळवतं की अटाझानाव्हिरचं रक्तातलं प्रमाण जवळपास तळाला जातं. म्हणजे चुकून टीबीची औषधं दिली, तर जो लोड रक्तात दाबलेला होता तोही सुटणार. रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देता आलं असतं. ते मिळवायला दोन दिवस लागणार होते.

चौथा पर्याय स्टेरॉइडचा. काही रुग्णांत मेंदूतली सूज विषाणूपेक्षा सीडी एट या प्रतिकारपेशींच्या हल्ल्यामुळे जास्त असते आणि तिथे स्टेरॉइडने झपाट्याने फरक पडतो. पण निदान हातात नसताना स्टेरॉइड दिलं की टीबी असो वा दुसरं काही, चित्र पुसट होतं आणि पुढे कशाने बरं वाटलं हे कळत नाही.

काय केलं

मधला रस्ता काढला. रिफाब्युटिन मागवून ठेवलं, सुरू केलं नाही. अट ठरवली : ताप आला, शुद्ध हरपू लागली किंवा दोन दिवसांनी पुन्हा काढलेल्या पाण्यात साखर घसरली, तर त्याच तासाला टीबीचे उपचार. तोपर्यंत मेंदूला ग्रासणाऱ्या इतर जंतूंच्या, म्हणजे क्रिप्टोकॉकस, सिफिलिस, जेसी विषाणू यांच्या तपासण्या आणि पाण्यातला एचआयव्हीचा लोड. सरकारी कार्यक्रमात लोड मोजतात तो रक्तातला. पाण्याचा लोड खासगी प्रयोगशाळेत पाठवावा लागला, पैसे शालनताईंनी बचत गटातून उचलले. थांबायचं ठरवणं आणि कुठवर थांबायचं हे लिहून ठेवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रात्रपाळीच्या डॉक्टरांना केसपेपरवर ती अट लिहिलेली मिळाली, म्हणून रात्री दोन वाजता कोणी घाबरून एकेटी चालू केली नाही.

दुसऱ्या पाण्यात साखर तशीच. क्रिप्टोकॉकस, सिफिलिस, जेसी तिन्ही निगेटिव्ह. आठवड्याभराने लोड आला : पाण्यात 4,800 कॉपी. त्याच दिवशीच्या रक्तात शून्य. त्याच नमुन्यातल्या विषाणूची जनुकीय तपासणी केली. लॅमिव्हुडिनला दाद न देणारा एम184व्ही हा बदल होता, शिवाय झिडोव्हुडिनच्या काळातले दोन जुने बदल. अटाझानाव्हिरच्या गटातल्या औषधांविरुद्ध एकही बदल नव्हता.

या शेवटच्या ओळीने औषधांचा मार्ग ठरला. झिडोव्हुडिन मेंदूत छान जातं, पण इथला विषाणू ते ओळखून होता. अटाझानाव्हिर काढून डारुनाव्हिर-रिटोनाव्हिर आणि डोल्युटेग्राव्हिर द्यायचं, टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन तशीच ठेवायची, असं ठरलं. 2020 नंतर पहिल्या फळीतल्या रुग्णांना डोल्युटेग्राव्हिर हळूहळू मिळू लागलं होतं. शालनताई तेव्हा त्यावरच होत्या! एकाच घरात बायकोच्या डबीत असलेलं औषध नवऱ्याला मिळायला तज्ज्ञ समितीची मंजुरी लागणार होती, कारण तो दुसऱ्या फळीत होता. आणि औषध बदलायचा नेहमीचा निकष रक्तातला लोड 1000 च्या वर, असा. अर्जाच्या त्या रकान्यात दिनकररावांचा आकडा शून्य. समितीला पाण्याचे रिपोर्ट, एमआरआय आणि वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडून वेगळं पत्र पाठवलं. मंजुरी आली. वहीच्या झेरॉक्सचा किती वाटा होता सांगता येत नाही, पण समितीतल्या एका डॉक्टरांनी फोनवर पहिली चौकशी तिचीच केली.

याच फेरीत औषधांचा डबा पालथा घातला, तेव्हा रोज सकाळची पित्ताची गोळी निघाली. दुकानातून परस्पर घेतलेली, वर्षभर. अटाझानाव्हिर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. पित्ताची गोळी ते आम्लच मारते. रक्तातला लोड दाबलेला होता, म्हणजे औषध अगदी निकामी झालं नव्हतं; पण मेंदूत आधीच कमी जाणारं औषध रक्तातच कमी पडलं तर पलीकडे काय उरणार? हे सिद्ध करता येत नाही. गोळी बंद केली. नव्या औषधांबरोबर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी, पित्तावरचं पांढरं पातळ औषध एकाच वेळी घ्यायचं नाही, हे शालनताईंनी डबीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.

परिणाम

पहिला महिना निराशेचा. कंप तसाच, फक्त जेवताना हातातून घास सांडणं कमी झालं. तिसऱ्या महिन्यात चाल सुधारली, आधाराशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. सहाव्या महिन्यात पुन्हा पाणी काढलं : पेशी 4, लोड सापडला नाही. एमआरआयमधले डाग फिके झाले, गेले नाहीत. छोट्या चाचणीत बोटं बारा वेळा आपटली, क्रम तीनदा जमला, शब्द तीन आठवले आणि ‘शेंग’ आठवायला ‘भाजीतलं काहीतरी’ असा इशारा द्यावा लागला. गुण साडेनऊ. म्हणजे अजूनही रेषेच्या खालीच.

केंद्रावर ते परतले, पण वहीकडे नाही. दूध मोजून घेणं, नमुना काढणं, कॅन भरणं हे करतात. नोंदी आता यंत्रातून संगणकात जातात आणि बिलं चेअरमनसाहेबांचा पुतण्या काढतो. पगार कमी झाला. शालनताई म्हणतात, भांडण पुन्हा सुरू झालंय, विशेषतः टीव्हीच्या रिमोटवरून. दारूची अफवा मात्र गेलेली नाही. मेंदूला सूज आली होती एवढं ऐकून गावाने ‘पिऊनच आली असणार’ असा निष्कर्ष काढला आहे आणि तो खोडून काढायचा तर खरं सांगावं लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

वहीतली पहिली खूण नोव्हेंबरची, पाण्याचा लोड कळला जूनच्या सुरुवातीला. यातला मोठा तुकडा मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेला, आणि तिथे एकच गोष्ट बदलायला हवी होती : रुग्णाशी पाच मिनिटं एकट्याने बोलणं. नातेवाइकांना बाहेर बसवायची पद्धत आपल्याकडे उद्धट वाटते. ‘तपासायचं आहे, जरा बाहेर थांबा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कंप आणि मंदपणा घेऊन आलेल्या पन्नाशीच्या आतल्या माणसाला एचआयव्हीची तपासणी सुचवणं हेही त्याच पाच मिनिटांत बसतं.

गोळ्या नातेवाइकांच्या हाती देणं कोविडमध्ये गरजेचं होतं आणि लांबच्या रुग्णांसाठी आजही ती मोठी सोय आहे. ती बंद करा असं कोणी म्हणू नये. एसटीच्या फेऱ्या वाचवल्या नाहीत तर छावणीसारखा खंड पुन्हा पडेल. पण वर्षातून एकदा रुग्ण स्वतः समोर यावा आणि त्या दिवशी बोटं आपटायची, चार शब्द आठवायची चाचणी व्हावी. तिला ना यंत्र लागतं ना डॉक्टर. ज्यांच्या सीडी फोर कधीतरी 200 च्या खाली गेल्या होत्या आणि जे अटाझानाव्हिरवर आहेत, त्यांच्यापासून सुरुवात केली तर यादी आवाक्यातली होते.

टीबीच्या औषधांबाबतचा निर्णय बरोबर ठरला, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी बरोबर ठरेल असं नाही. जिथे दोन दिवसांनी पुन्हा पाणी काढायची सोय नाही, रात्री लक्ष ठेवायला माणूस नाही, तिथे रिफाब्युटिन घेऊन उपचार सुरू करणं जास्त सुरक्षित, आणि मी तिथे तसंच सुचवीन. मात्र एचआयव्हीची कोणती औषधं चालू आहेत हे विचारल्याशिवाय रिफाम्पिसिनची पट्टी फोडू नये.

पाण्यातला लोड सरकारी यंत्रणेत मोजायची सोय किमान काही केंद्रांवर हवी. नमुना थंड पेटीत पाठवता येतो, यंत्रं आहेतच. बचत गटाचं ते कर्ज शालनताई अजून फेडत आहेत.

दिनकररावांच्या थोरल्या भावाला अजून काही सांगितलेलं नाही. मुलीचं लग्न मे महिन्यात झालं. त्यानंतरच्या भेटीत मॅडमनी विषय काढला, तेव्हा दिनकरराव म्हणाले, “दादाला सांगायचं तर मीच सांगेन, पण शब्द नीट जुळायला लागले की.” पुढची भेट तीन महिन्यांनी आहे.